एक्सेप्शन कोणासाठी फेकायचा? जावातली त्रुटी-हाताळणी, पायरीपायरीने

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कूरू तळावरून एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, ३,७०० मीटरच्या आसपास उंचीवर, रॉकेट वाट सोडून वळलं, तुटलं आणि त्याचा स्फोट झाला. रॉकेटची स्थिती आणि दिशा मोजणाऱ्या संगणकात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटी दशांश संख्या १६ बिटी पूर्णांकात बदलली जात होती. अशा पूर्णांकात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. कोड एरियन ४ वरून उचललेला होता आणि एरियन ५ चा आडवा वेग त्याहून बराच जास्त होता. संख्या मावली नाही, एडा भाषेतल्या त्या प्रोग्रॅममध्ये एक्सेप्शन (काम नेहमीसारखं पुढे नेता येत नाही हे कळवणारा इशारा) आला आणि त्या जागी तो हाताळणारं काहीच नव्हतं.

चौकशी समितीच्या अहवालात याहून महत्त्वाचे तपशील आहेत. धोका असलेल्या सात व्हेरिएबलांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं. तीन मुद्दाम तशीच सोडली होती, कारण त्या संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. धोरण असं होतं की कोणताही एक्सेप्शन आला तर त्याची नोंद करून प्रोसेसर बंद करायचा. हार्डवेअर कधीतरी अचानक बिघडेल आणि तेव्हा जोडीचा दुसरा संगणक काम सांभाळेल, हे त्यामागचं गृहीत. पण दोन्ही संगणकांत कोड एकच होता, त्यामुळे राखीव संगणक त्याच कारणाने आधीच पडलेला होता. मुख्य संगणकाने बंद पडताना बिघाडाची माहिती पाठवली, ती उड्डाण चालवणाऱ्या संगणकाने खरी आकडेवारी म्हणून वाचली आणि इंजिनांचे नोझल टोकापर्यंत वळवले. मन खिन्न होतं ते पुढचं वाचून: ज्या गणितात हे घडलं त्या गणिताची रॉकेट जमिनीवरून उचलल्यानंतर गरजच नव्हती.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत एक्सेप्शनचे इतके प्रकार का असतात, ते या घटनेवरून कळतं. चूक कोणत्या जातीची आहे, तिच्याबाबत कोण काय करू शकतो, आणि त्या माणसापर्यंत किंवा त्या कोडपर्यंत ती चूक म्हणूनच पोहोचते का, हे तीन प्रश्न आहेत. एक्सेप्शनचा क्लास निवडताना आपण त्यांची उत्तरं देत असतो. ट्राय-कॅचची (ट्रायमध्ये धोक्याचं काम, कॅचमध्ये आलेला एक्सेप्शन पकडणारा कोड) वाक्यरचना तासाभरात येते. ही उत्तरं देण्याची सवय लागायला वेळ लागतो, म्हणून या लेखात भर तिच्यावर आहे.

उदाहरणासाठी घेतलेला प्रोग्रॅम

गावातल्या दूध संकलन केंद्राचा एक छोटा जावा प्रोग्रॅम डोळ्यांपुढे ठेवू. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची फाइल येते. प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक). प्रोग्रॅम ती वाचतो, दरपत्रकातून दर काढतो, डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि दहा दिवसांनी बिल काढून रक्कम बँकेकडे पाठवतो. चूक झाली तर कोणाच्या तरी घरातले पैसे कमी-जास्त होतात, म्हणजे काळजी घेण्याला कारण आहे.

कोडचे नमुने उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना जावाचे मूळ कीवर्ड वापरा.

पायरी १: घराणं समजून घ्या

जावात फेकता येण्याजोगी प्रत्येक गोष्ट थ्रोएबल या क्लासची वंशज असते. त्याची दोन मुलं: एरर आणि एक्सेप्शन. एक्सेप्शनच्या पोटी रनटाइम-एक्सेप्शन नावाची मोठी शाखा आहे. तुमचे बहुतेक निर्णय या तीन नावांभोवती फिरतात.

एरर शाखेत आउट-ऑफ-मेमरी एरर, स्टॅक-ओव्हरफ्लो एरर, नो-क्लास-डेफ-फाउंड एरर अशी मंडळी आहेत. इथे प्रोग्रॅमच्या पायाखालची जमीनच सरकलेली असते. मेमरी संपलेली असताना तुमच्या कॅच ब्लॉकला नवं ऑब्जेक्ट बनवता येईल याचीही खात्री नसते. साध्या व्यावसायिक कोडने या शाखेच्या वाट्याला जाऊ नये.

रनटाइम-एक्सेप्शन शाखेत नल-पॉइंटर, इल्लीगल-आर्ग्युमेंट, इल्लीगल-स्टेट, क्लास-कास्ट, अ‍ॅरे-इंडेक्स-आउट-ऑफ-बाउंड्स हे रोजचे पाहुणे. यातले बरेचसे प्रोग्रॅमरच्या चुका सांगतात. उपाय कॅच लिहिणं हा नसतो, कोड दुरुस्त करणं हा असतो. नल-पॉइंटरची चूक शोधणं आता पूर्वीपेक्षा सोपं आहे. जावा १४ मध्ये नेमकं कोणतं व्हेरिएबल नल होतं, म्हणजे त्यात ऑब्जेक्टच नव्हतं, हे सांगणारा संदेश आला आणि जावा १५ पासून तो आपोआप मिळतो. जुन्या आवृत्तीवर अडकलेल्यांनी एवढ्यासाठी सुद्धा पुढे सरकावं.

उरलेले, म्हणजे एक्सेप्शनचे पण रनटाइम-एक्सेप्शनचे नसलेले वंशज, ‘चेक्ड’ म्हणवतात (बाकीचे ‘अनचेक्ड’): आयओ-एक्सेप्शन, एसक्यूएल-एक्सेप्शन, इंटरप्टेड-एक्सेप्शन. हे फेकणाऱ्या मेथडच्या सहीत, म्हणजे तिच्या नावाच्या ओळीत, थ्रोज लिहावंच लागतं, आणि बोलावणाऱ्याने तो पकडला नाही किंवा पुढे जाहीर केला नाही तर कंपायलर अडवतो. कल्पना चांगली आहे: फाइल नसणं ही काही प्रोग्रॅमरची चूक नाही, ते घडणारच, तेव्हा बोलावणाऱ्याने आधीच विचार केलेला बरा. व्यवहारात मात्र लोक कंपायलरला गप्प करण्यासाठी रिकामा कॅच लिहितात आणि सगळा हेतू पाण्यात जातो. सीशार्प आणि कॉटलिन या भाषांनी चेक्ड एक्सेप्शन ठेवलेच नाहीत. जावा ८ चे लॅम्डा (बिननावाच्या छोट्या मेथडी) आल्यापासून जावातही त्यांची अडचण होते, कारण नेहमीच्या फंक्शनल इंटरफेसच्या मेथडी कोणताच चेक्ड एक्सेप्शन जाहीर करत नाहीत. त्याच आवृत्तीत अनचेक्ड-आयओ-एक्सेप्शन नावाचा क्लास आला तो यासाठीच.

माझं मत विचाराल तर नव्या कोडमध्ये चेक्ड क्लास तेव्हाच बनवा, जेव्हा लगेच वरच्या मेथडला त्यावर खरोखर काही करता येतं. ‘दुसरी फाइल निवडा’ म्हणता येत असेल तर चेक्ड. चार मजले वर जाऊन फक्त ‘काहीतरी बिघडलं’ एवढंच दाखवायचं असेल तर अनचेक्ड.

पायरी २: कोड लिहिण्याआधी चुकांची यादी करा

कागद घ्या आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये काय काय बिघडू शकतं ते लिहा. प्रत्येकासमोर ‘कोण काय करेल’ हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फाइलच नाही: केंद्रावरचा कर्मचारी दुसरी फाइल देऊ शकतो. फॅटच्या जागी ३.५ ऐवजी ३५ पडलंय: कर्मचारी दुरुस्त करू शकतो, पण त्याला ओळ क्रमांक हवा. सभासद क्रमांक नोंदवहीत नाही: सचिव ठरवेल. फॅट-एसएनएफच्या त्या जोडीला दरपत्रकात दर नाही: दरपत्रक अपुरं आहे, इतर ओळी चालू राहायला हरकत नाही. डेटाबेस तुटला: थोडं थांबून पुन्हा प्रयत्न, नाहीतर सगळं मागे घ्यायचं. दर काढणाऱ्या मेथडला नल मिळाला: हा आपला बग, प्रोग्रॅमरने दुरुस्त करायचा.

अशी यादी झाली की एक गोष्ट लक्षात येते: यातल्या काही बाबी एक्सेप्शनच नाहीत. चारशे ओळींच्या फाइलमध्ये पाच-सहा ओळी चुकीच्या असणं हे रोजचंच. तिथे पहिल्याच चुकीला एक्सेप्शन फेकला तर कर्मचारी ती ओळ दुरुस्त करणार, पुन्हा फाइल देणार, मग दुसरी चूक कळणार. अशा हेलपाट्यांनी माणूस वैतागतो. ओळींची तपासणी करणाऱ्या मेथडने ‘चुकांची यादी’ परत द्यावी आणि सगळ्या चुका एका पडद्यावर दिसाव्यात. नेहमी घडणारी, अपेक्षित गोष्ट असेल तर ती साध्या उत्तराने सांगा. ठरलेलं काम पूर्ण करणंच अशक्य झालं तर एक्सेप्शन.

उलट बाजूचा धोका एरियनने दाखवलाच आहे. दर सापडला नाही म्हणून मेथडने उणे एक किंवा शून्य परत केलं, तर वरचा कोड तो आकडा मुकाट गुणाकारात घेईल आणि सभासदाला शून्य रुपयांचं बिल जाईल. चुकीची खूण आणि खरा आकडा एकाच वाटेने जाऊ देऊ नका. ‘नसू शकतं’ हे सांगायचं असेल तर जावा ८ पासून ऑप्शनल (उत्तर असेल किंवा नसेल असा क्लास) आहे. ‘असायलाच हवं होतं’ असेल तर एक्सेप्शन.

पायरी ३: भाषा कुठे गप्प बसते ते ओळखा

प्रत्येक चुकीवर जावा आपणहून एक्सेप्शन देईल असं समजू नका. एरियनचंच रूपांतर जावात साध्या कास्टने (सक्तीच्या प्रकार-बदलाने) केलं असतं तर एक्सेप्शन आलाच नसता, चुकीचा आकडा शांतपणे पुढे गेला असता. पूर्णांकांची बेरीज ओव्हरफ्लो झाली तरी जावा बोलत नाही. बोलायला हवं असेल तर जावा ८ मधल्या अ‍ॅड-एक्झॅक्ट, मल्टिप्लाय-एक्झॅक्ट, टू-इंट-एक्झॅक्ट या मॅथ क्लासच्या मेथडी वापरा. त्या अरिथमेटिक-एक्सेप्शन देतात. पूर्णांकाला शून्याने भागलं की एक्सेप्शन येतो, पण डबलला शून्याने भागलं तर इन्फिनिटी किंवा नॅन (‘ही संख्याच नाही’ अशी खूण) मिळतं आणि काम पुढे चालू राहतं.

नॅनचा एक त्रास विशेष सांगण्याजोगा आहे. ‘फॅट शून्याहून कमी किंवा पंधराहून जास्त असेल तर नाकार’ अशी तपासणी नॅनला बेलाशक आत सोडते, कारण नॅनशी केलेली दोन्ही तुलना खोटी ठरतात. तपासणी सकारात्मक लिहा: ‘फॅट शून्य ते पंधरामध्ये असेल तरच स्वीकार, नाहीतर नाकार.’

मराठी आकडे येणार असतील तर आणखी एक गाठ आहे. इंटिजर क्लासची पार्स-इंट मेथड ‘१२’ हे देवनागरी अंक बिनतक्रार वाचते, कारण ती युनिकोडमधले सगळे दशमान अंक मानते. पण डबल क्लासची पार्स-डबल ‘३.५’ देवनागरीत मिळाल्यावर नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन फेकते. म्हणजे एकाच ओळीतला सभासद क्रमांक वाचला जातो आणि फॅट अडतं, आणि शोधणाऱ्याचं डोकं फिरतं. बिग-डेसिमल क्लास देवनागरी अंक वाचतो, आणि पैशांसाठी तोच वापरायला हवा. फक्त त्यात भागाकार करताना पूर्णांकनाची पद्धत द्यायला विसरू नका. १० ला ३ ने भागताना न संपणारा दशांश आला की तोही अरिथमेटिक-एक्सेप्शन देतो.

पायरी ४: स्वतःचा क्लास बनवा, पण कारण असेल तरच

नवा एक्सेप्शन क्लास बनवण्याआधी विचारा: हा पकडणारा कोड काही वेगळं करणार आहे का? उत्तर नाही असेल तर जावात आधीच असलेला इल्लीगल-आर्ग्युमेंट किंवा इल्लीगल-स्टेट पुरतो. मेथडला दिलेली किंमत (व्हॅल्यू) चुकीची असेल तर पहिला. किंमत बरोबर, पण ऑब्जेक्ट आत्ता त्या कामाच्या अवस्थेत नसेल, उदाहरणार्थ बंद झालेल्या दहा दिवसांत नवी नोंद घालायचा प्रयत्न, तर दुसरा.

आपल्या प्रोग्रॅममध्ये एक पाया-क्लास आणि त्याची दोन-तीन मुलं पुरतील:

संकलन-एक्सेप्शन (रनटाइम-एक्सेप्शनचा वारस)
  ├ दर-सापडला-नाही (फॅट, एसएनएफ, तारीख)
  ├ सभासद-सापडला-नाही (क्रमांक)
  └ साठवण-बिघाड (मूळ कारण)

कंसातल्या गोष्टींकडे लक्ष द्या. एक्सेप्शन हे इतर ऑब्जेक्टसारखंच ऑब्जेक्ट आहे, त्याला फील्ड असू शकतात. फॅटचा आकडा फक्त संदेशाच्या वाक्यात कोंबला तर पकडणाऱ्याला तो वाक्य चिरून काढावा लागतो, आणि उद्या कोणी वाक्याची भाषा बदलली की सगळं मोडतं. आकडे फील्डमध्ये ठेवा, संदेश माणसांसाठी ठेवा. संदेश आणि मूळ कारण दोन्ही घेणारा कन्स्ट्रक्टर प्रत्येक क्लासला द्या. पुढे त्याची गरज पडेल.

क्लासमागे क्लास वाढवत नेण्याचा मोह मात्र टाळा. प्रत्येक मेथडला स्वतःचा एक्सेप्शन असलेला कोड वाचताना हेतूपेक्षा फांद्याच जास्त दिसतात.

पायरी ५: दारातच फेका

चुकीची किंमत आत खोलवर जाऊन स्फोट करण्याआधी मेथडच्या पहिल्या ओळींतच तपासा. कन्स्ट्रक्टरमध्ये तपासून एक्सेप्शन फेकला तर अर्धवट, निरर्थक ‘संकलन नोंद’ तयारच होत नाही, आणि पुढच्या सगळ्या कोडला त्या नोंदीवर विश्वास ठेवता येतो. नलसाठी ऑब्जेक्ट्स क्लासमधली रिक्वायर-नॉन-नल मेथड आहे.

क्रमही महत्त्वाचा. आधी सगळं तपासा, मग बदल करा. सभासदाची थकबाकी वळती केली आणि त्यानंतर दर नसल्याचं कळून एक्सेप्शन फेकला, तर ऑब्जेक्ट अर्ध्यात अडकतं.

संदेशात तीन गोष्टी असू द्या: काय मिळालं, काय अपेक्षित होतं, कुठे. ‘अवैध डेटा’ असं लिहिण्यापेक्षा ‘ओळ ८७: फॅट ३५ मिळालं, ० ते १५ मध्ये हवं’ असं लिहा. रात्री लॉग वाचणाऱ्याचे कष्ट वाचतात. आधार क्रमांक किंवा बँक खातं संदेशात कधीच घालू नका. लॉग फाइली अनेकांच्या हातांतून जातात.

पायरी ६: पकडा, पण काही करता येत असेल तिथेच

एक्सेप्शन फेकला की जावा चालू मेथड सोडून तिला बोलावणाऱ्या मेथडकडे, तिथून आणखी वर, असा प्रवास करत जुळणारा कॅच शोधतो. जुळणी क्लासवरून होते: त्या क्लासचा किंवा त्याच्या वंशजाचा असेल तर पकडला जातो. म्हणून विशिष्ट क्लास आधी आणि सामान्य क्लास नंतर लिहायचा. उलटा क्रम लावला तर खालचा कॅच कधीच गाठला जाणार नाही हे ओळखून कंपायलर नकार देतो.

आपल्या प्रोग्रॅमची मधली फेरी अशी दिसेल:

प्रत्येक नोंदीसाठी {
  ट्राय {
    दर = दरपत्रक.दर-शोध(नोंद)
    साठवण.लिही(नोंद, दर)
  } कॅच (दर-सापडला-नाही ए) {
    प्रलंबित-यादी.घाल(नोंद, ए.फॅट, ए.एसएनएफ)
  }
}

इथे फक्त एकच प्रकार पकडला आहे. दर नसलेली नोंद बाजूला ठेवून पुढे जाता येतं, म्हणून. साठवण-बिघाड इथे पकडला नाही, कारण डेटाबेस तुटल्यावर पुढच्या तीनशे ओळी एकेक करून आपटण्यात अर्थ नाही. तो वर जाऊ द्यायचा. नल-पॉइंटरही नाही, कारण तो बग आहे आणि तो लपून राहता कामा नये. कॅचमध्ये नुसतं ‘एक्सेप्शन’ लिहिलं असतं तर हे तिन्ही एकाच जाळ्यात सापडले असते आणि आपला बग ‘दर नाही’ म्हणून प्रलंबित यादीत जाऊन बसला असता. कॅच-एक्सेप्शन इतका घातक ठरतो तो यामुळे.

सगळं पकडणारा एक कॅच हवा, पण तो अगदी सीमेवर: मेन मेथडच्या आसपास, वेब विनंतीच्या प्रवेशद्वारी, थ्रेडच्या (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या) मुळाशी. त्याचं काम एवढंच: पूर्ण स्टॅक ट्रेससकट (कोणत्या मेथडने कोणाला बोलावलं त्या यादीसकट) नोंद करणं, माणसाला समजेल असा निरोप देणं आणि ती एक विनंती किंवा ते एक काम बंद करणं.

रिकाम्या कॅचबद्दल फार बोलण्याची गरज नाही: लिहू नका. इंटरप्टेड-एक्सेप्शनबद्दल मात्र सांगायला हवं, कारण तो सर्वांत जास्त गिळला जातो. कोणीतरी या थ्रेडला थांबायला सांगतंय असा त्याचा अर्थ. तो फेकला जाताना थ्रेडवरची थांबण्याची खूण पुसली जाते. तुम्हाला पुढे फेकता येत नसेल तर कॅचमध्ये चालू थ्रेडची इंटरप्ट मेथड बोलावून ती खूण परत लावा, नाहीतर प्रोग्रॅम बंद करताना तो लटकून राहतो.

पुन्हा प्रयत्न करण्याचा कोड लिहिताना एक प्रश्न विचारा: हे काम दोनदा झालं तर चालेल का? फाइल दोनदा वाचली तर काही बिघडत नाही. पण बँकेकडे रक्कम पाठवताना टाइमआउट आला, याचा अर्थ रक्कम गेली नाही असा होत नाही. उत्तर आलं नाही, एवढंच आपल्याला कळलेलं असतं. आंधळेपणाने पुन्हा पाठवलं तर सभासदाला दुप्पट पैसे जाऊ शकतात. प्रत्येक देयकाला स्वतःचा कायम क्रमांक द्या आणि समोरच्या यंत्रणेने तो क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास ओळखावा अशी व्यवस्था असेल तेव्हाच पुन्हा प्रयत्न करा.

पायरी ७: थर बदलला की प्रकार बदला, कारण जपा

बिल काढणाऱ्या कोडला एसक्यूएल-एक्सेप्शन दिसायला नको. उद्या डेटाबेसऐवजी दुसरी साठवण आली तर बिलाचा कोड का बदलावा? म्हणून साठवणीच्या थरात तो पकडून साठवण-बिघाड फेका. मात्र मूळ एक्सेप्शन ‘कारण’ म्हणून नव्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये द्या. ही सोय जावा १.४ पासून आहे आणि ती न वापरणं म्हणजे पुरावा नष्ट करणं.

कारण जपलेलं असेल तर स्टॅक ट्रेसमध्ये ‘कॉझ्ड बाय’ अशी ओळ दिसते, कधी दोन-तीन वेळा. वाचताना सर्वांत शेवटच्या ‘कॉझ्ड बाय’पासून सुरुवात करा. मूळ घटना तिथे असते. मग त्याखालच्या ओळींत आपल्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. फ्रेमवर्कच्या शंभर ओळी वाचण्याची गरज बहुतेकदा पडत नाही.

एकाच ठिकाणी लॉगही करायचं आणि पुढेही फेकायचं, असं करू नका. पाच थरांनी तेच केलं तर एका चुकीच्या पाच नोंदी होतात आणि वाचणाऱ्याला पाच चुका झाल्यासारखं वाटतं. जो शेवटचा पकडतो त्याने लॉग करावं.

पायरी ८: उघडलेलं बंद करा, अर्धवट काम मागे घ्या

फायनली ब्लॉक एक्सेप्शन आला तरी, न आला तरी चालतो. पण त्यात रिटर्न लिहिलं तर चालू असलेला एक्सेप्शन मुकाट नाहीसा होतो. कंपायलर यावर एरर देत नाही, म्हणून हे हातानेच टाळायचं.

फाइल आणि कनेक्शनसाठी जावा ७ (२०११) पासून मिळणारा ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा. कंसात उघडलेल्या वस्तू उलट क्रमाने आपोआप बंद होतात; अट एवढीच की क्लासने ऑटो-क्लोजेबल इंटरफेस पाळलेला असावा. वाचताना एक एक्सेप्शन आणि बंद करताना दुसरा आला तर पहिला मुख्य राहतो आणि दुसरा ‘सप्रेस्ड’ म्हणून त्याला जोडला जातो. जुन्या फायनली पद्धतीत दुसरा पहिल्याला झाकून टाकायचा आणि खरं कारण कधीच कळायचं नाही.

दहा दिवसांची बिलं एका ट्रान्झॅक्शनमध्ये काढा, म्हणजे मध्ये बिघाड झाला तर सगळंच मागे जाईल. स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी इथे जपावं: त्याचं ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन मूळ स्थितीत फक्त रनटाइम-एक्सेप्शन आणि एररवर रोलबॅक करतं, म्हणजे काम मागे घेतं. चेक्ड एक्सेप्शन बाहेर पडला तर झालेलं काम कमिट (कायम) होतं, म्हणजे अर्ध्या सभासदांची बिलं निघालेली आणि अर्ध्यांची नाहीत. चेक्डवरही रोलबॅक हवा असेल तर रोलबॅक-फॉर स्पष्ट लिहा, किंवा त्या थरातून अनचेक्डच फेका.

पायरी ९: वारशाचा नियम पाळा

साठवण हा इंटरफेस आहे आणि त्याचे दोन वारस आहेत, फाइल-साठवण आणि डेटाबेस-साठवण, असं समजा. मूळ मेथडने जाहीर केलेल्या चेक्ड एक्सेप्शनपेक्षा व्यापक किंवा नवा चेक्ड एक्सेप्शन वारसाला जाहीर करता येत नाही. कमी करता येतो, किंवा अजिबात काढता येतो. इंटरफेस पाहून कोड लिहिणाऱ्याला न सांगितलेला धक्का बसू नये, हा त्यामागचा विचार. एका प्रकाराच्या जागी त्याचा उपप्रकार निर्धास्त बसवता यावा, हे तत्त्व बार्बरा लिस्कोव्ह यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांच्याच चमूने १९७० च्या दशकात एमआयटीत घडवलेल्या क्लू भाषेत एक्सेप्शन-हाताळणी होती.

अनचेक्ड एक्सेप्शनबाबत कंपायलर हा नियम राबवत नाही, तो तुम्हीच राबवायचा. दोन्ही साठवणींनी साठवण-बिघाडच फेकावा. एकाने तो आणि दुसऱ्याने अनचेक्ड-आयओ-एक्सेप्शन असं झालं की वरच्या कॅचला दोन्ही घरं माहीत असावी लागतात. जावाडॉकमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या टिपेत) ते लिहूनही ठेवा.

पायथॉनकडे जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे बेस-एक्सेप्शन हे मूळ आहे, आणि कीबोर्ड-इंटरप्ट व सिस्टम-एक्झिट हे थेट त्याच्याखाली येतात, एक्सेप्शनखाली नाहीत. प्रकार न लिहिता नुसतं एक्सेप्ट लिहिलं तर प्रोग्रॅम थांबवण्यासाठी दाबलेली कळही पकडली जाते. सी प्लस प्लसमध्ये फायनली नाही, साफसफाई डिस्ट्रक्टर करतो; तिथे किमतीने फेकायचं आणि रेफरन्सने पकडायचं, नाहीतर वारसाचा खास भाग कापला जातो.

पायरी १०: चुकीच्या वाटा मुद्दाम चालवून पाहा

हाताळणीचा कोड वर्षातून एखाद्या वेळी चालतो, तोही सगळं बिघडलेलं असताना. म्हणून त्याची चाचणी जास्त लागते. एरियनच्या त्या कोडची एरियन ५ च्या खऱ्या उड्डाणमार्गाच्या आकड्यांवर चाचणी झाली नव्हती, असं अहवालात नमूद आहे.

जेयुनिट ५ या चाचणी-साधनात असर्ट-थ्रोज आहे. तो फेकलेला एक्सेप्शन परत देतो, म्हणून फक्त क्लास तपासून थांबू नका. फॅटचं फील्ड बरोबर आहे का, कारण जोडलेलं आहे का, हेही पाहा. साठवण इंटरफेसची एक खोटी आवृत्ती लिहा जी मुद्दाम दोनशेव्या नोंदीला साठवण-बिघाड फेकते, आणि त्यानंतर डेटाबेसमध्ये एकही बिल उरलेलं नाही हे तपासा. दुसरी खोटी आवृत्ती बंद करताना एक्सेप्शन फेकणारी असू द्या. देवनागरी अंकांची एक फाइल, रिकामी फाइल, शेवटची ओळ अर्धवट असलेली फाइल आणि फॅटच्या जागी नॅन लिहिलेली फाइल चाचण्यांच्या फोल्डरमध्ये कायमची ठेवा. पायरी २ चा कागद समोर घ्या आणि त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर तिची चाचणी चालवणाऱ्या मेथडचं नाव लिहा. ज्या ओळीसमोर नाव लिहिता आलं नाही, ती चाचणी आधी लिहा.